बालकवी ठोमरे : दाद, दुरुस्ती आणि कवीची वाट

घटक ४

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात तुम्ही वृत्त, जाती आणि मुक्तछंद यांचा परिचय करून घेतला. या घटकात एका कवीचे चरित्र तुमच्यापुढे ठेवले आहे. शहादा येथील संपर्कसत्रात तुम्हांला स्वतःची एक कविता सहाध्यायांपुढे वाचावयाची आहे आणि दुसऱ्याच्या कवितेवर अभिप्राय द्यावयाचा आहे. या दोन कामांपैकी पहिले काम बहुतेकांना अवघड वाटते. वस्तुतः दुसरे अधिक अवघड आहे. नवोदिताच्या कवितेवर बोलताना आपण एकतर कौतुकाची दोन वाक्ये उच्चारून मोकळे होतो, नाहीतर व्याकरणाच्या चुका काढत बसतो. वहीतील कविता मात्र जिथल्या तिथेच राहते.

म्हणून त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांच्याकडे वळू. त्यांची कविता तुम्ही शाळेपासून वाचत आला आहात. येथे ती वाचताना एकच प्रश्न मनात धरा : या कवीला त्याच्या कवितेबद्दल कोणी, केव्हा आणि कशा प्रकारे काय सांगितले, आणि त्या सांगण्याचे त्याने काय केले? अवघ्या सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात या कवीला अभिप्रायाचे अनेक प्रकार भेटले. घरातला कान भेटला, सभेतली टाळी भेटली, थोर कवीच्या घरातला सहवास भेटला. त्यांतील प्रत्येकाने काही दिले. एकाने थोडे बांधूनही ठेवले.

बालकवी खानदेशचे. त्यांच्या जन्माच्या वेळी आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून खानदेश हा एकच जिल्हा होता. 1906 साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि शहादा तालुका पश्चिम खानदेशात गेला. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा 1998 मधील. म्हणजे तुम्ही ज्या तापीकाठच्या मुलखात राहता, त्याच मुलखातल्या एका मुलाची ही हकिकत आहे.

४.२ घर आणि पहिला कान

त्र्यंबकचा जन्म 13 ऑगस्ट 1890 रोजी धरणगाव येथे झाला. वडील बापूराव पोलीस खात्यात नोकरीला होते. पोलीस खात्यातील माणसाचे बिऱ्हाड एका गावी फार काळ टिकत नाही. बदलीचा हुकूम आला की भांडीकुंडी बैलगाडीत चढायची आणि मुलांची शाळा मध्येच सुटायची. त्र्यंबकचे शिक्षण असेच तुटक झाले. पदवी तर दूरच, शालेय शिक्षणही नीट पूर्ण झाले नाही. काव्यशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास त्याने कोणत्याही वर्गात बसून केलेला नाही, हे तुम्ही लक्षात ठेवावे. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने तर विशेषच.

मग वृत्तांवरची ती सहज पकड आली कोठून? तिचे एक उत्तर घरात आहे. थोरली बहीण जिजी हिला जुन्या मराठी कवितेची गोडी होती. तिच्या संगतीत पंडित कवींच्या रचना लहानग्या त्र्यंबकच्या कानांवर पडत गेल्या. कवितेची पहिली ओळख डोळ्यांनी न होता कानांनी झाली, म्हणजे लय आधी आली आणि नियम मागाहून कळला. पुढे त्यांच्या कवितेत शब्द इतके सहज एकमेकांच्या हातांत हात घालून येतात, त्याचे मूळ येथे आहे असे आम्हांस वाटते.

अभिप्रायाच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व काय? कविता मोठ्याने वाचली जात असते तेव्हा ऐकणारा काही न बोलताही बरेच सांगत असतो. एखाद्या ओळीवर त्याची मान हलते, एखाद्या ओळीवर तो अडखळल्यासारखा पाहतो, कोठे त्याचे लक्ष उडते. घरातल्या माणसाजवळ समीक्षेची परिभाषा नसते. पण ओळ अडली की त्याला ती अडल्याचे कळते. जात्यावरच्या ओव्या अशाच घडल्या. एकीने म्हटलेली ओवी दुसरीच्या तोंडी बसली नाही तर ती आपोआप बदलली गेली, किंवा विसरली गेली. हा मराठी कवितेतील सर्वांत जुना अभिप्राय होय, आणि तो निष्ठुर असूनही कोणाला दुखवत नाही.

४.३ जळगाव, 1907

आता त्या काळच्या जळगावात काय चालले होते ते पाहू. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 मध्ये तेथे ‘काव्यरत्नावली’ हे मासिक सुरू केले होते. केवळ कवितेला वाहिलेले मासिक काढणे हे आजही धाडसाचे ठरेल. त्या काळी तर पुण्या-मुंबईपासून दूर, खानदेशातील एका गावी ते निघाले आणि टिकले. केशवसुत, रेव्हरंड टिळक, विनायक अशा नव्या वळणाच्या कवींची कविता या मासिकाच्या पानांतून महाराष्ट्रभर गेली. केशवसुत तर शिक्षक म्हणून काही वर्षे खानदेशातच, फैजपूरला होते. नव्या मराठी कवितेचा इतिहास लिहिताना खानदेशाला जे स्थान मिळावयास हवे ते अद्याप मिळालेले नाही, असे नमूद करून पुढे जाऊ.

1907 साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ लष्करी सेवेतील शल्यवैद्य आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक पाहतात. शिवाय ते कवी होते. टेनिसन या इंग्रज कवीच्या दीर्घकाव्यावरून त्यांनी ‘इंदिरा’ हे मराठी काव्य रचले होते. अशा रसिकापुढे सोळा-सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनी आपली कविता म्हटली. सभा थक्क झाली आणि अध्यक्षांनी त्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी दिली. झाडापानांच्या अभ्यासकाने झाडापानांच्या कवीला नाव द्यावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

तुम्हांला ही घटना ठाऊक असेल. आता तिच्याकडे अभिप्राय म्हणून पाहा. त्या पदवीने मुलाला काय दिले? धीर दिला. शिक्षण अर्धवट, घरची स्थिती बेताची, पुढे काय करावे याचा ठिकाणा नाही. अशा मुलाला महाराष्ट्रातील नामवंत कवींच्या सभेने आपले म्हटले. हे दान लहान नाही. नवोदिताला सर्वप्रथम जे हवे असते ते हेच : आपण जे करीत आहोत ते करण्यासारखे आहे, असे कोणीतरी खात्रीने सांगावे.

परंतु पदवीचा नीट विचार केला तर तिच्यात कवितेविषयी काहीच सांगितलेले नाही. तिच्यात कवीचे वय सांगितले आहे. या वयात एवढे! हा तिचा आशय. कोणती प्रतिमा जमली, कोठे शब्दांची गर्दी झाली, कोणती ओळ उसनी वाटते, हे अशा दादेतून कळत नाही, कारण दाद देणारा त्या क्षणी कवितेकडे पाहत नसून चमत्काराकडे पाहत असतो. संमेलनाच्या अध्यक्षांना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. सभेत तेवढेच शक्य असते. अडचण एवढीच की वय वाढते आणि पदवी वाढत नाही. पंचविशीतही माणूस बालकवीच राहतो. पुढच्या काळात हे नाव त्यांच्या कवितेआधी वाचकाच्या हाती पडू लागले आणि वाचक त्या नावाच्या मापाने कविता वाचू लागला. याचा परिणाम काय झाला ते पुढे पाहू.

४.४ टिळकांचे घर

जळगावच्या संमेलनाने ठोमऱ्यांना आणखी एक गोष्ट दिली, आणि आमच्या मते ती पदवीपेक्षा मोलाची होती. तेथे नारायण वामन टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला आणि पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी ते घरच्या मुलासारखे राहू लागले.

टिळक त्या वेळी पंचेचाळिशीत होते. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून त्यांची ख्याती झाली होती. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाईही त्यांच्याकडे आल्या आणि पुढे त्यांनीही तो धर्म स्वीकारला. हे घर साधे, सदा माणसांनी भरलेले आणि पैशाच्या बाबतीत कायम ओढग्रस्त. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून त्या घराचे जे दर्शन घडते, त्यात ठोमरेही वावरताना दिसतात : हळवे, लहरी, चटकन रुसणारे आणि तितक्याच चटकन हसणारे. टिळक स्वतः कमालीचे तापट. असे दोन कवी एका छपराखाली आले की काय होत असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. मध्ये लक्ष्मीबाई होत्या म्हणून निभावले. टिळकांचे पुत्र देवदत्त 1891 चे, म्हणजे ठोमऱ्यांहून वर्षभराने लहान. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने हा आणखी एक मुलगाच होता.

या घरात कविता हा रोजच्या जगण्याचा भाग होता. टिळक लिहीत, लक्ष्मीबाई लिहीत आणि आता हा तरुणही लिहू लागला. लक्ष्मीबाईंचे उदाहरण येथे थांबून पाहण्यासारखे आहे. त्यांचे शाळेत शिक्षण झालेले नव्हते. लग्नानंतर टिळकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. शिकवताना टिळकांचा संयम सुटे, शिकवणे मध्येच बंद पडे, पुन्हा सुरू होई. अशा स्त्रीने पुढे कविता लिहिल्या, टिळकांनी सुरू केलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मागे पूर्ण केले, आणि मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. विशेष असे की त्यांची भाषा टिळकांच्या भाषेसारखी झाली नाही. टिळकांचे गद्य-पद्य संस्कृताच्या वळणाचे. लक्ष्मीबाईंचे लेखन बोलण्यासारखे, खट्याळ, नेमके. पतीच्या हाताखाली शिकूनही त्यांनी पतीचे अक्षर गिरवले नाही.

ठोमऱ्यांच्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने घडलेले दिसते. प्रारंभीच्या त्यांच्या कवितेत टिळकांच्या छायेच्या खुणा स्पष्ट आहेत. टिळकांच्या निसर्गकवितेत फूल किंवा पाखरू दिसले की लवकरच त्यातून एक शिकवण किंवा ईश्वराची आठवण निघते. निसर्ग हा तेथे एक उंबरठा आहे. तो ओलांडून कवीला पलीकडे जावयाचे असते. ठोमऱ्यांच्या सुरुवातीच्या काही रचनांत हा उंबरठा तसाच आढळतो. नंतर मात्र तो नाहीसा होतो. ‘फुलराणी’ ही कविता काढून वाचा. हिरवळीवरची एक कळी आणि तिच्यावर अनुरक्त झालेला सूर्यकिरण यांची ती गोष्ट आहे. पहाटेला आकाशासह सारी सृष्टी त्यांच्या लग्नाला जमते. कविता संपते तेव्हा हाती कोणतीही शिकवण उरत नाही. लग्न लागले, सोहळा झाला, कविता संपली. फुलाला फूलच राहू देण्याचे हे धैर्य टिळकांच्या घरात राहून त्यांच्याच शिष्याने मिळवले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. शिष्य आपल्या वाटेने जात नाही हे टिळकांना दिसले नसेल का? त्यांच्यासारख्या जाणत्याला ते निश्चित दिसले असणार. तरीही त्यांचे प्रेम कमी झाले नाही आणि घराचे दार बंद झाले नाही. धर्माच्या बाबतीतही तसेच. टिळकांनी स्वतःच्या श्रद्धेसाठी आप्त, मान, सुख सारे पणाला लावले होते. तरी त्यांच्या छपराखाली राहणाऱ्या ठोमऱ्यांनी धर्मांतर केले नाही आणि त्यामुळे त्या नात्यात दुरावा आला नाही. कवितेवरच्या अभिप्रायाचा विचार करताना ही गोष्ट अवांतर समजू नका. गुरूला जे सर्वांत प्रिय, ते न स्वीकारताही शिष्य जेथे राहू शकतो, तेथेच तो कवितेतील सूचनाही मोकळेपणाने घेऊ किंवा नाकारू शकतो. जेथे नकाराची मुभा नसते तेथे सूचना हुकूम होते.

उर्दू कवितेच्या परंपरेत ‘इस्लाह’ नावाची रीत आहे. शागीर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवतो आणि उस्ताद शब्द बदलून, वजन सुधारून ती परत देतो. त्या रीतीने उत्तम कारागीर घडले. पण तिचा धोकाही उघड आहे : पुष्कळदा शागिर्दाच्या गझलेत उस्तादाचाच आवाज ऐकू येतो. टिळकांच्या घरची रीत याहून सैल होती. तेथे दुरुस्तीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व एकत्र राहण्याला होते. जेवताना, फिरताना, बागेत, आजारपणात कवितेचा विषय निघे. शिष्याला गुरूची कविता तयार होताना दिसे, म्हणजे गुरूची खाडाखोडही दिसे. नवोदिताला हे दर्शन फार क्वचित घडते. छापलेली कविता त्याला देवळातल्या मूर्तीसारखी वाटते. टाकीचे घाव त्याने पाहिलेले नसतात.

नगरच्या मुक्कामाच्या काळात ठोमऱ्यांनी मिशनरी मंडळींना मराठी शिकवण्याचे कामही केले. चरित्रकार या नोकरीचा उल्लेख उपजीविकेच्या सदरात करून पुढे जातात. आम्हांस त्यात आणखी काही दिसते. परभाषकाला आपली भाषा शिकवताना प्रत्येक शब्द हातात घेऊन उलटसुलट पाहावा लागतो. हा शब्द का, तो का नाही, असे तो विचारतो आणि आपल्याला उत्तर द्यावे लागते. कवीसाठी यासारखा व्यायाम नाही.

४.५ मित्र आणि संपादक

राम गणेश गडकरी हे ठोमऱ्यांचे समकालीन आणि स्नेही. ‘गोविंदाग्रज’ या नावाने ते कविता लिहीत. दोघांच्या प्रकृती भिन्न : एकाला कल्पनेच्या कोट्या आणि शब्दांचे प्रपात प्रिय, दुसऱ्याला मंद प्रकाश आणि झुळूक. समवयस्क मित्र हा गुरूहून वेगळा वाचक असतो. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेता येते, आणि म्हणूनच कधी कधी ते जास्त खोल जाते.

संपादकांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ‘काव्यरत्नावली’, ‘मनोरंजन’ यांसारख्या मासिकांतून त्यांची कविता प्रसिद्ध होत असे. संपादक कविता घेतो किंवा परत पाठवतो; कारण क्वचितच सांगतो. हा सर्वांत त्रोटक अभिप्राय. तुमच्यापैकी काहींना त्याचा अनुभव असेल.

४.६ नावापलीकडची कविता

‘आनंदी आनंद गडे’, ‘श्रावणमास’, ‘निर्झरास’, ‘अरुण’ या कवितांनी बालकवी घरोघरी पोहोचले. पाठ्यपुस्तकांनी याच कविता उचलल्या. परिणामी बालकवी म्हणजे हिरवळ, ऊन, फुले आणि हसरी मुले, असे समीकरण होऊन बसले. नावही त्याला साजेसे.

आता ‘पारवा’ वाचा. ‘खेड्यातील रात्र’ वाचा. पहिलीत एक एकाकी पक्षी आहे आणि त्याच्या घुमण्यातले कारण न सांगता येणारे दुःख आहे. दुसरीत गावाबाहेरच्या अंधाराची अशी काही चाहूल आहे की वाचताना अंगावर काटा येतो. ज्या निसर्गाने आधी लग्नाचे मंडप घातले तोच येथे मुका, परका आणि थोडा भयंकर झाला आहे. आयुष्यातील चिंता, पैशाची ओढाताण, अस्थिरता यांच्याशी काहींनी या उदासीचा संबंध जोडला आहे. तो असेलही. परंतु उदासी ही केवळ कवीच्या परिस्थितीची नोंद नव्हे. ती कवितेची नवी दिशा होती. हीच दिशा पुढे मर्ढेकरांपर्यंत जाते असे म्हणण्यास जागा आहे. त्यांच्या ‘शिशिरागम’मध्ये बालकवींचे पडसाद अभ्यासकांनी दाखवले आहेतच.

ही दिशा ओळखून ठोमऱ्यांना कोणी सांगायला हवे होते की, हे वेगळे आहे, हे पुढे न्या. ‘बालकवी’ या नावाने कविता वाचणाऱ्याला मात्र या कविता म्हणजे वाट चुकलेली लेकरे वाटणार. एखाद्या मुलाला गोड गळ्याचा म्हणून एकदा ठरवले की त्याचा घोगरा स्वर आपल्याला सर्दीचा वाटतो, तसे. येथे त्या 1907 च्या दादेची किंमत कळते. ती दाद खरी होती, मनापासून होती. तरी ती कवीला एका वयाच्या चौकटीत बसवून गेली. कवीने चौकट मोडली. वाचकांना ते उमगायला बराच वेळ लागला.

‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता या दृष्टीने फार मोठी आहे. झरा, गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि काठावरचे झाड, एवढेच साहित्य. कवी काही सांगत नाही, सुचवतही नाही. दाखवतो आणि थांबतो. त्या झाडाचा अर्थ काय यावर मराठी समीक्षेत पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली. कोणाला त्यात विरक्त योगी दिसला, कोणाला मृत्यूची छाया, कोणाला निव्वळ एक निसर्गचित्र. ही चर्चा ठोमऱ्यांना ऐकावयास मिळाली असती तर त्यांनी काय म्हटले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

४.७ अखेर आणि नंतर

5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकावर रूळ ओलांडताना रेल्वेखाली सापडून ठोमऱ्यांचा मृत्यू झाला. अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण व्हावयाचे होते. त्यांच्या हयातीत एकही संग्रह निघाला नव्हता. दीडशेहून थोड्या अधिक कविता, त्यांतील काही अपुऱ्या, एवढी त्यांची मिळकत. त्यांचे जे जाणते वाचक होते तेही फार मागे राहिले नाहीत. 23 जानेवारी 1919 रोजी गडकरी गेले आणि 9 मे 1919 रोजी टिळक. ज्या कवितांची खाडाखोड या दोघांना ठाऊक असू शकत होती, तिचे साक्षीदारच उरले नाहीत. पुढच्या संपादकांना विखुरलेल्या मासिकांतून आणि हस्तलिखितांतून त्या गोळा कराव्या लागल्या.

त्यानंतर चार-पाच वर्षांत, 1923 साली, पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदी मंडळी रविवारी चहासाठी जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर बोलत. टिळकांच्या घरी जे एका गुरूभोवती घडत होते ते येथे बरोबरीच्या कवींत घडू लागले. मंडळाचा इतिहास पुढील घटकात आहे. येथे केवळ संबंध लक्षात घ्या.

खानदेशातील आणखी एक नाव येथे घ्यावे लागेल. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 चा, आसोद्याचा. हे गावही जळगावजवळचेच, भादलीपासून फार दूर नाही. एकाच परिसरातल्या या दोन कवींत वयाचे अंतर दहा वर्षांचे, पण प्रसिद्धीचे अंतर चाळिसाहून अधिक वर्षांचे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. आचार्य अत्रे यांनी ती गाणी पाहिली, त्यांचे मोल ओळखले आणि 1952 साली संग्रह प्रसिद्ध झाला. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. सोपानदेवांना त्या गाण्यांची भाषा ‘शुद्ध’ करणे अशक्य नव्हते. तसे केले गेले नाही. काय बदलू नये हे ओळखणे हादेखील अभिप्रायाचाच भाग, आणि या प्रसंगी मराठी कविता त्यामुळे एका मोठ्या नुकसानीतून वाचली.

४.८ शहाद्याच्या संपर्कसत्रासाठी

तुमच्या तालुक्यात घरातली भाषा एक नाही. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी गुजरी, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांत भिली आणि पावरी. वाहरू सोनवणे हे याच परिसरातील कवी. ‘गोधड’ या संग्रहात त्यांनी आदिवासी जीवनाचा अनुभव कवितेत आणला. तेव्हा संपर्कसत्रात एखाद्या सहाध्यायाच्या कवितेत तुम्हांला अनोळखी शब्द आला तर तो चुकीचा आहे असे समजून लेखणी उचलू नका. आधी त्याला तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगा, मग त्याचा अर्थ विचारा. तो शब्द काढून प्रमाण मराठीतला शब्द घातला तर ओळीत काय कमी होते, हे दोघांनी मिळून पाहा. कधी काहीच कमी होत नाही. मग बदल करण्यास हरकत नाही.

गोमाईच्या काठावर किंवा प्रकाशाच्या संगमावर तुमच्यापैकी कोणी कविता लिहिली असेल. ती बालकवींसारखी झाली आहे असे सहज म्हटले जाईल. असे म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या बालकवींसारखी? ‘फुलराणी’च्या की ‘खेड्यातील रात्री’च्या? उत्तर देताना त्याला कविता पुन्हा वाचावी लागेल आणि तुम्हांला एखादी उपयोगी गोष्ट कळेल. उत्तर आले नाही तर ते कौतुक आभार मानून बाजूला ठेवा.

वय, जात, गाव, नोकरी, घरची परिस्थिती यांवरून कविता वाचण्याची सवय आपल्या सर्वांनाच आहे. शेतमजुराच्या मुलीची कविता आहे म्हणून ती चांगली, किंवा शिक्षकाची आहे म्हणून ती कोरडी, असे आपण कविता संपण्याआधीच ठरवून टाकतो. पहिल्या वाचनाच्या वेळी कवितेवर कवीचे नाव असू नये, अशी व्यवस्था या सत्रात केली आहे. दुसऱ्या वाचनाला नाव सांगितले जाईल. दोन्ही वेळचे तुमचे अभिप्राय स्वतंत्र कागदांवर लिहून ठेवा.

स्वयं-अध्ययनासाठी

१. ‘पारवा’ ही कविता आपल्याच गटातील एका नवोदिताने लिहिली आहे असे समजा. तिच्यावर दहा ओळींचा अभिप्राय लिहा. त्यात ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द वापरू नका. कोणत्या ओळीशी तुम्ही थांबलात आणि का, ते सांगा.

२. घरातील एका व्यक्तीला स्वतःची कविता दोनदा वाचून दाखवा. ती कोणत्या ठिकाणी अडखळली किंवा तिचे लक्ष कोठे उडाले याची खूण समासात करा. त्या ठिकाणी बदल करावा असे तुम्हांला वाटते का? वाटत नसल्यास तसे स्पष्ट लिहा.

३. लक्ष्मीबाई टिळक आणि बालकवी या दोघांनीही टिळकांच्या सहवासात लेखन केले. दोघांनी आपला वेगळेपणा कसा राखला, याविषयी तुम्ही वाचलेल्या त्यांच्या एकेका रचनेच्या आधारे सुमारे २०० शब्दांत लिहा आणि तो कागद संपर्कसत्राला बरोबर आणा.